ब्रेकवाले आबा

आबा येळवंडे कुणाच्याही गाडीत बसायचे असले की आधी चपला काढतात. चपला हातात घेऊन आत बसतात, अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवतात आणि डोळे मिटतात. मग त्यांच्याशी बोलायची सोय नाही. "गप बसा जरा, ऐकतोय," म्हणतात. कानांवर मफलर घट्ट बांधलेला असतो. ऐकतात ते तळपायांनी.

रहाटणीतल्या आमच्या इमारतीत आबा दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्यावर. मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले. तिकडच्याच एका कंपनीत त्यांनी निवृत्त होईपर्यंत गाड्यांचे ब्रेक तपासले. मात्र त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. का, म्हणून एकदा विचारलं.

"थांबवायचं काम माझं व्हतं, गुरुजी. चालवायला दुसरी मान्सं हायती की!"

मी शाळामास्तर, म्हणून गुरुजी.

"माप कुठाय?" हा त्यांचा लाडका प्रश्न. वॉचमन म्हणाला, टाकी भरत आली, की हे विचारणार, "भरत आली म्हंजी? माप कुठाय?" सोसायटीच्या सभेत चेअरमन म्हणाले, "बहुतेक सगळ्यांचं एकमत आहे." आबा उभे राहिले. "बहुतेकाचं माप सांगा." सभा तिथेच अडकली.

दुसरं वेड नट आवळण्याचं. नट ओळीनं आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, तेही थोडे थोडे. आमच्याकडे पंखा बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनला त्यांनी सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवायला लावले. तो माणूस परत आमच्या इमारतीत फिरकला नाही. आणि कबूल करतो, मीही आबांना टाळायचो. जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला की मी लिफ्ट धरायचो.

मग माझी गाडी थरथरायला लागली.

हळू चालवताना काही नाही. साठच्या पुढे असताना ब्रेक दाबला की जणू गाडीला हुडहुडी भरायची. गॅरेजवाल्यानं चाकांचं बॅलन्सिंग केलं. मग ब्रेक ज्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो त्या लोखंडी चकत्या, म्हणजे पुढच्या डिस्क, नव्या घातल्या. काही महिने बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. "जुनी झाली सर, काढून टाका," तो म्हणाला.

नेमकी त्याच वेळी मधुराला, माझ्या मुलीला, साताऱ्याहून आणायची होती. पहिलं बाळंतपण, सातवा महिना लागलेला. "बाबा, अनोळखी ड्रायव्हर नको, तुम्हीच या," असा तिचा हट्ट. माझ्या डोळ्यांसमोर मात्र खंबाटकीच्या बोगद्यानंतरचा उतार आणि तिथलं ते वळण येत होतं. शेवटी लाज गिळून मी आबांची बेल वाजवली.

सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "हात थरथरत्यात का बूड?"

"काय?"

"ब्रेक मारल्यावर हो! हातातलं स्टिअरिंग नाचलं तर पुढची चाकं. बुडाखालची सीट नाचली तर मागली."

"हात," मी म्हणालो.

"मंग चला."

रावेतकडच्या मोकळ्या रस्त्यावर मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. आबांनी डोळे उघडले. "पुढचं डावं. जास्त करून डावंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये त्यांनी चाक काढलं. घड्याळासारखं एक यंत्र डिस्कला टेकवून डिस्क हातानं फिरवली. काटा पुढंमागं डोलायला लागला. आबांचा चेहरा नातू बघितल्यासारखा खुलला. "ह्ये बघा माप!"

डिस्क उतरवली तर तिच्या पाठीमागच्या हबवर, म्हणजे ती ज्याच्यावर बसते त्या भागावर, गंजाची खपली होती. गॅरेजवाल्यानं नवी डिस्क तशीच त्यावर चढवली होती.

"खालचा खडा न काढता वर नवी चादर टाकली त्यानं. डिस्क तिरकी बसली, मंग कुठं जाड ऱ्हायली, कुठं पातळ झिजली. गाडी म्हातारी झाली म्हनं!"

पुढची उजवी बाजूही त्यांनी उघडली. दोन्ही हब घासायला त्यांनी अख्खी सकाळ घातली. पॉलिश पेपर, मग बोट फिरवून बघायचं, मग पुन्हा पेपर. डिस्क मापल्या आणि जाडी पुरेशी आहे म्हणून नव्या घेऊ दिल्या नाहीत. भोसरीतल्या त्यांच्या जुन्या मित्राच्या लेथ मशीनवर आम्ही त्या तासून सारख्या करून आणल्या. परत बसवल्यावर काटा जागचा हलला नाही. नट मला आवळायला लावले. मी शेजारचा नट धरला तशी हातावर चापटी बसली. "समोरचा, गुरुजी, समोरचा!"

पुन्हा रावेतला गेलो. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. गाडी लोण्यासारखी थांबली. मी ती कडेला घेतली. "आबा, तुमचे उपकार..." असं काहीतरी सुरू केलं.

"घरी चला, हात धुवायला साबन द्या," ते म्हणाले.

त्या शनिवारी मधुराला आणलं. बोगदा संपला, उतार आला, वळणाआधी मी ब्रेक दाबला. स्टिअरिंग हातात शांत होतं. मधुरा शेजारी बसून बाळाच्या नावांची यादी वाचत होती. वळण कधी गेलं हे तिला कळलंही नाही. मी मनातल्या मनात आबांना हात जोडले.

पुढच्या रविवारी सकाळी आबा दारात. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर कधी न पाहिलेला संकोच.

"गाडी रिकामी हाय का, गुरुजी? हिला मारुंजीला न्यायचं व्हतं. हिच्या भनीकडं."

काकूंचं पाठीचं ऑपरेशन झालं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यानंतर रिक्षाच्या एकेका धक्क्याला त्या किंचाळायच्या, आणि मग त्यांनी बाहेर पडायचंच सोडलं होतं, हे आबांनी त्या दिवशी जिन्यात सांगितलं. वर्ष होत आलं होतं. एकाच जिन्यावर राहून मला पत्ता नव्हता.

आम्ही दोघांनी काकूंना खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणलं आणि मागच्या सीटवर निजवलं. आबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी जीव मुठीत धरून चालवत होतो. प्रत्येक सिग्नलला आबा खाली वाकून सांगायचे, "आता थांबतीया हं. काय हुत न्हाई. बघ, थांबली."

वाकडच्या पुढं ते गप्प झाले. मी आरशात पाहिलं. काकूंना झोप लागली होती. आबा त्यांच्या कपाळावरचे केस एका बोटानं मागं सारत होते.

मारुंजीचं वळण आलं. मी इंडिकेटर दिला, तशी मागून अगदी हळू हाक आली.

"गुरुजी, रातभर डोळा लागत न्हाई तिचा. जरा लांबनं घ्या."

मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ पुढं नेली.