अनंतरावांचा सब्जेक्ट

अनंतराव नमस्कार करायच्या आधी खिशातून स्टॉपवॉच काढायचे. "काय, बरं आहे ना?" असं त्यांनी विचारलं की तुम्हाला उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते आधी बघायचे, आणि मग तुमचा नमस्कार घ्यायचे. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. पोरं स्टॉपवॉचकाका म्हणायची. मी म्हणायचो, "ओ मानसशास्त्र!"

माणूस साठीचा. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाला आणि त्याच साली जायकवाडीचं पाणी तळाला गेलं. "तुम्ही खुर्ची सोडली अन् धरण आटलं," असं मी येताजाता सुनवायचो. त्यावर ते गंभीरपणे सांगायचे, "सुखदेवराव, दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही. आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलं."

हे सत्र विद्यापीठातलं. निवृत्तीनंतर त्यांनी उपयोजित मानसशास्त्राच्या एम. ए.ला नाव घातलं होतं. आमची वस्ती बीड बायपासच्या पलीकडची, नवी. शेतांचे प्लॉट झाले होते आणि प्लॉटांचे फ्लॅट. नळ बसले होते, पाणी यायचं राहिलं होतं. टँकर आठवड्यातून एकदा. अशा वस्तीत एक माणूस मानसशास्त्र शिकतोय म्हटल्यावर वेड्यांचा डॉक्टर राहायला आला अशी बातमी झाली.

एकदा जाधववहिनी नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. "काका, टँकरवर भांडण झाल्यापासून हे बोलतच नाहीत."

"वहिनी, मी उपचार करत नाही," अनंतराव म्हणाले. "आमचं शास्त्र धडधाकट माणसांचं. कारखान्यात कोणत्या कामाला कोण घ्यावा, गिऱ्हाईक काय बघून माल घेतं, असलं. कंपन्यांत फार मागणी आहे."

"अन् धडधाकट माणसाला तुमचा काय उपयोग?"

"प्रश्न चांगला आहे," असं म्हणून अनंतराव विचारात पडले. तेवढ्यात जाधव म्हणाले, "चल घरी." वस्तीच्या हिशेबानं रोगी बरा झाला. पुढं कितीतरी दिवस लोक मुक्या नवऱ्यांना, रडक्या पोरांना घेऊन यायचे आणि अनंतराव दारात उभे राहून "आम्ही धडधाकटांचे" म्हणत त्यांना परत पाठवायचे.

धडधाकट माणसं मात्र त्यांना हवी असायची. "आपण रिकामे आहात का? दहाच मिनिटं." मग दहा मिनिटांत ते तुमच्याकडून 'झुब, मोफ, टिक्ष, गाल्ब' असले बिनअर्थाचे शब्द पाठ करून घ्यायचे. इस्त्रीवाल्याला ते इतके पाठ झाले की कपड्यांना डाग राहिला तर तो गिऱ्हाइकालाच "गाल्ब" म्हणायला लागला. आरशात बघून चांदणी गिरवायचाही एक प्रयोग होता. माझ्या बायकोनं ती एका दमात काढली. माझी पेन्सिल डावीकडं जायची तिथं उजवीकडं गेली, आणि मी कागद फाडला.

"चांदणी काढता येत नाय, अन् म्हणं मी साऱ्या बायपासला भाव शिकवतो," बायको म्हणाली.

ते खरं होतं. म्हणजे भाव शिकवतो ते. मी देवगाव रंगारीहून एक पाना घेऊन या शहरात आलो, दुसऱ्यांचे नळ दुरुस्त केले, आज टाक्या आणि पाइपांचं दुकान आहे. दुष्काळात टाक्या लई खपल्या. त्याची मला लाज नाही. पाऊस मी अडवला नव्हता.

आता माझं दुखणं सांगतो. अनंतराव रोज दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. ग्राहकवर्तनाचं निरीक्षण, म्हणे. बसोत बापडे. एकदा पैठण रोडला बंगला बांधणारे एक साहेब आले. मोठी टाकी, दोन मजल्यांचे पाइप, सगळा माल. मी भाव सांगितला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी उसासा टाकला, कॅल्क्युलेटर दाबला, "तुमच्यासाठी म्हणून" म्हणालो आणि खाली आलो. साहेब खिशात हात घालणार, तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"बघितलंत? पहिला आकडा मुद्दाम मोठा असतो. तो डोक्यात बसला की दुसरा स्वस्त वाटतो. पुस्तकात तीन पानं आहेत यावर. पण सुखदेवरावांइतकं सफाईदार मी कुठं बघितलं नाही."

कौतुकच करत होते हो ते माझं! साहेबांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. त्यांनी सगळा माल शहागंजातून उचलला.

मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. बोलून दमलो तेव्हा अनंतराव म्हणाले, "राग तीव्र, पण लवकर ओसरणारा. कंपनीत तुम्हाला वसुलीवर ठेवतील." त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते तरी रोज येऊन बसायचे. मी किती वेळ गप्प राहतो ते स्टॉपवॉचवर बघत असावेत.

मग शेवटच्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा आली. या परीक्षेला विद्यार्थ्यानं आपला एक माणूस सोबत न्यायचा आणि परीक्षकांपुढं त्याच्यावर प्रयोग करून दाखवायचा. त्या माणसाला सब्जेक्ट म्हणतात. सब्जेक्ट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर एम. ए. नाही. बाकीची पोरंपोरी आई, भाऊ, मैत्रीण, कुणालाही नेतात. अनंतरावांची बायको वारलेली, मुलगी बंगळुरात. आणि परीक्षा नेमकी टँकरच्या दिवशी. त्या दिवशी आमच्या वस्तीत मयताला जायलाही माणूस मिळत नसे. अनंतराव दारोदार फिरले. जाधव म्हणाले, "काका, उद्या सोडून काहीबी सांगा."

टँकरवाचून ज्याचं अडत नाही असं घर एकच. टाक्या माझ्याच ना!

संध्याकाळी ते दुकानात आले, पण बसले नाहीत. "उद्या याल का?"

अडलेला माणूस समोर आला की माझं डोकं बर्फासारखं चालतं. "येतो. पण त्यानंतर दुकानात बसायचं नाही. कधीच."

मला वाटलं होतं, घासाघीस करतील. निदान दिवाळीपुरती सूट मागतील. ते लगेच "ठीक आहे" म्हणाले. असा सौदा मला कधीच आवडत नाही. जिंकलो की हरलो ते कळत नाही.

सकाळी छावणीतून स्कूटरवर विद्यापीठात गेलो. बाहेरगावच्या एक मॅडम परीक्षक होत्या. प्रयोग शब्दांचा निघाला. अनंतराव एक शब्द बोलणार, मी मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, ते वेळ बघणार.

"गिऱ्हाईक."

"चोर."

"पाऊस."

"तोटा."

"शेजारी."

"मानसशास्त्र," मी म्हणालो. मॅडमनी हसू दाबलं. मग म्हणाल्या, "सब्जेक्ट फारच तयारीचा दिसतोय. जागा बदला. काका, आता तुम्ही उत्तरं द्या."

स्टॉपवॉच माझ्या हातात आलं. मॅडमनी दिलेले शब्द मी वाचायला लागलो.

"पाणी."

"टँकर."

"खुर्ची."

"स्टूल."

"नाव."

अनंतराव थांबले. काटा फिरत होता. उत्तराला उशीर झाला की त्या शब्दाखाली काहीतरी असतं, हे त्यांनीच मला वाटेत सांगितलं होतं.

"हजेरी," ते म्हणाले.

"हजेरी का?" मॅडमनी विचारलं.

"वर्गात रोज हजेरी घेतात ना. घरात आता नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही. इथं रोज कुणीतरी माझं नाव घ्यायचं." मग जरा हसून म्हणाले, "म्हणून मी एकही तास बुडवला नाही. आज शेवटचा."

मॅडमनी मला वेळ विचारली. मी थांबवायचं बटण दाबलंच नव्हतं. परीक्षेत असा हलगर्जीपणा चालत नाही, असं त्या मला बोलल्या. मी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. सौदा म्हणजे सौदा. एक गिऱ्हाईक आलं, मी पहिला आकडा सांगितला, त्यानं तोच मोजून दिला. असलं गिऱ्हाईक वर्षातून एखादं येतं. मला त्याचाच राग आला.

मी रस्ता ओलांडून त्यांच्या गॅलरीखाली गेलो आणि ओरडलो, "अनंतराव!"

दोन खिडक्या उघडल्या. मी ओरडतो म्हणजे भांडण, हे सगळ्यांना माहीत. जाधव तर चप्पल घालून बाहेर आले.

वर बराच वेळ काही हललं नाही. मग गॅलरीत बनियनवर अनंतराव आले, कठड्याला धरून खाली बघत राहिले. आवाज आला तो वर्गात पाठीमागच्या बाकावरून येतो तसा.

"हजर."

"उशीर झाला," मी म्हणालो. "या खाली. अन् भाव चालू असताना तोंड उघडायचं नाही."

"संध्याकाळी पण बसेन," ते म्हणाले.

पहिल्यांदाच घासाघीस करत होते. मी जरा ताणून धरलं, आणि मग कबूल केलं.