साहेबांचं पथ्य

हेडक्लार्कने कुत्र्याचं नाव 'साहेब' ठेवलं, तेव्हा खरे साहेब कधी घरी जेवायला येतील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. नाव मात्र चपखल होतं. कुत्रा दिवसभर सोफ्यावर लोळायचा, काम काडीचं नाही, आणि दारात कुणी आलं की आधी भुंकून घ्यायचा, मग कोण आहे ते बघायचा. घरात सगळे त्याला अहोजाहो करत. "साहेब उठले का?" "साहेबांनी चप्पल खाल्ली." ऑफिसात दिवसभर गिळलेला राग हेडक्लार्क घरी असा बाहेर काढायचा.

खरे साहेब येत्या सोमवारी त्याच्या बदलीच्या कागदावर सही करणार होते. बदलीचं गाव असं, की तिथली बस आठवड्यातून दोनदा, तीही तिच्या मनात आलं तर. म्हणून वर्षअखेरच्या सुट्टीत बाईसाहेब माहेरी गेल्यात हे कळल्याबरोबर हेडक्लार्कने डाव साधला. "एकटे कसले जेवताय साहेब, आमच्याकडे या!"

त्या दिवशी सकाळीच घरात फर्मान निघालं. "आज कुत्र्याला कुणी साहेब म्हणायचं नाही. आज तो बाळ."

"एवढा घोडा, आणि बाळ?" बायको म्हणाली.

"बाळच म्हण. नाहीतर चंबूगबाळं आवरायला घे."

त्याने नाव लिहिलेला पट्टा लपवला, नाव लिहिलेली थाळी लपवली. फ्रिजवरचा कागद मात्र विसरला. गेल्या वर्षी कुत्र्याने अर्धा केक फस्त केला आणि दोन दिवस गुरांच्या डॉक्टरकडे सलाइनवर काढले. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बायकोने सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं होतं. वर ठळक मथळा: 'सुट्टीच्या जेवणात साहेबांना काय द्यावं, काय देऊ नये.'

दहा वाजता बायकोची मावशी मदतीला आली, या घरी पहिल्यांदाच. मावशीने तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढलेली. पथ्याचा कागद म्हणजे तिच्यासाठी ब्रह्मवाक्य. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि हळहळली. "अरेरे, एवढा मोठा माणूस, आणि काय हे नशीब!"

दुपारी साहेब आले. टेबलावर कांदा-लसूण भरून भाजलेली अख्खी कोंबडी, लोण्यातले बटाटे, मनुका घातलेला भात, द्राक्षं. साहेबांनी हात चोळले. तेवढ्यात मावशीने त्यांच्यापुढे वेगळीच ताटली ठेवली. पांढरे फटक चिकनचे तुकडे, उकडलेलं गाजर आणि भोपळ्याच्या फोडी.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"कातडी काढलीय, हाड एक नाही, मीठ घातलेलं नाही," मावशी अभिमानाने म्हणाली. "कांदा-लसणाचा वाससुद्धा नाही. आणि त्या द्राक्षांकडे बघूसुद्धा नका."

हेडक्लार्कची नजर फ्रिजवरच्या कागदावर गेली. खरं सांगावं तर बदली. गप्प बसावं तर साहेब उपाशी, म्हणजे पुन्हा बदलीच. "तब्येतीला हलकं, साहेब," तो कसाबसा पुटपुटला.

साहेबांना भूक लागली होती. ते मुकाट्याने, पण भराभर खायला लागले. मावशीने ताटली ओढून घेतली.

"घाईघाईत खाल्लं की उलटी होते ना तुम्हाला? दोन मिनिटं थांबा."

ज्यांच्यापुढे अख्खं ऑफिस चळचळा कापायचं, ते साहेब हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं थांबले. मग मावशीने त्यांना पाणी दिलं. पसरट भांड्यात.

चॉकलेटचा केक कापला गेला. साहेबांचा वाटा अर्थातच नव्हता. एक जास्तीचा तुकडा बघून मावशीला स्वयंपाकघरातल्या मुक्या जिवाची दया आली. "ये रे बाळा, तुला कुठे पथ्य आहे!"

बायकोने दारातून पाहिलं मात्र, तिने किंकाळी फोडली. "मावशी! साहेबांना केक देऊ नकोस! मरतील गं साहेब!"

"अहो, मी मागितलाच नाही!" साहेब दचकून म्हणाले.

सकाळपासून 'बाळ' या हाकेला ढुंकूनही न बघणारा कुत्रा आपलं नाव ऐकताच केक सोडून धावत आला आणि पुढचे दोन्ही पाय त्याने खऱ्या साहेबांच्या मांडीवर ठेवले.

साहेब उठले, फ्रिजपाशी गेले आणि मोठ्याने वाचू लागले. "'साहेब टेबलाभोवती घुटमळले तरी लाड करू नयेत. जेवणानंतर एक चक्कर मारून आणावं. सोफ्यावर चढले तर पेपरची सुरळी दाखवावी, मारू नये.'"

हेडक्लार्कने डोळे मिटले. "जातो मी, साहेब. आजच्याच बसने जातो."

"आज बस नसते," साहेब म्हणाले. मग त्यांनी कुत्र्याचं डोकं थोपटलं. "आमच्याकडेही एक आहे. दिवसभर कागद चघळतो, काम सांगितलं की जांभई देतो. जेवणाची वेळ मात्र बरोबर कळते. त्याचं नाव हेडक्लार्क."

हसावं की रडावं कुणाला कळेना. मावशी फिस्सकन हसली, मग सगळेच सुटले.

"दोनदा लांब नेऊन सोडायचं ठरवलं," साहेब म्हणाले. "जीव होईना हो. कसा का असेना, सवयीचा झालाय." त्यांनी पेन काढून मथळ्यातलं 'साहेबांना' खोडलं, 'हेडक्लार्कला' लिहिलं आणि यादी खिशात घातली. "घरचे त्याला काहीही चारतात. मरायचा एखाद दिवशी."

सोमवारी बदलीचा कागद टराटरा फाटला. हेडक्लार्कला आभाळ ठेंगणं झालं. दुपारी त्याने डबा उघडला, तोच साहेबांचा म्हातारा शिपाई आला आणि डब्यातल्या कांद्याच्या चकत्या एकेक करून उचलू लागला.

"अहो, हे काय चालवलंय?"

"साहेबांच्या टेबलावर कागद होता. हेडक्लार्कला कांदा नाही, द्राक्षं नाहीत, आणि भराभर खाऊ द्यायचं नाही." शिपायाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आटपा हळूहळू. मग तुम्हाला खाली एक चक्कर मारून आणायचंय."

हेडक्लार्क भांडायलाच उठला होता. पण त्याची नजर काचेपलीकडच्या केबिनमध्ये गेली. साहेब त्याच्याकडेच बघत होते आणि शांतपणे पेपरची सुरळी करत होते.

हेडक्लार्क खाली बसला. हळूहळू जेवला आणि शिपायाच्या मागोमाग निमूटपणे जिना उतरला.