हिऱ्याचं लिव्हर

डोमाजीनं अल्लीपूरच्या चावडीवर सांगूनच टाकलं होतं, "यंदाच्या पोळ्यात पयला नंबर आपल्या हिऱ्याचा. लिहून घ्या." हिऱ्या म्हणजे त्याचा बैल. बायकोपेक्षा त्याची सरबराई जास्त, असं खुद्द अनुसयाबाईंचंच म्हणणं.

मधेच डोमाजीला टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आणि वर्ध्याच्या दवाखान्यातल्या प्रेरणा मॅडम लघवी तपासणीच्या रिकाम्या बाटल्या वाटत आल्या.

"काका, या गोळ्यांनी कधीकधी लिव्हर बिघडतं. पण डोळे पिवळे व्हायच्या आधीच लघवीत उतरलेले त्याचे बारीक अंश मुंबईचं मशीन ओळखतं. बिघाड दिसला तर दवाखान्यात ठेवून औषध बदलू."

दवाखान्यात ठेवून! पोळा तोंडावर, आणि इकडे गोळ्या सुरू झाल्यापासून डोमाजीला अन्न जात नव्हतं. मशीनला चुगली करू देईल तो डोमाजी कसला? घरात ठणठणीत कोण? बायकोला बीपी. उरला हिऱ्या. पहाटे गोठ्यात जाऊन त्यानं बाटली भरली आणि वर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

रिपोर्ट घेऊन मॅडम धापा टाकतच आल्या. "काका, लिव्हर उत्तम आहे. पण तुम्ही खाता काय? मशीन म्हणतं, नुसता चारा!"

अनुसयाबाई चुलीपुढून उठल्या. "म्हंजे? मी काय याइले कडबा वाढतो?"

"मुंबईचे मशीनवाले सर तर तुमच्यावर लेख लिहायला बसलेत, काका," मॅडम म्हणाल्या.

"मंग दवाखाना नाई ना?" डोमाजी खुलला.

अनुसयाबाई मात्र त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. "काऊन हो, त्या दिवशी पहाटे गोठ्यात बाटली घेऊन काय करून राह्यले होते तुमी?"

दुसरी बाटली मॅडमनी मोरीच्या दाराशी उभं राहून भरून घेतली. त्या बाटलीनं सगळं सांगितलं. डोळे पिवळे व्हायच्या आत औषध बदललं, लिव्हर वाचलं. पण पोळ्याच्या दिवशी डोमाजी वर्ध्याला खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई पुरणपोळ्या घेऊन आल्या. "उठा. हिऱ्याचा पयला नंबर आला."

"कसा काय? तानबाचा बैल तर लय सजवला होता म्हंते."

"सजवू दे. मी नंबर देनाऱ्या पाटलाले मॅडमचा तो पयला कागद दाखवला. म्हटलं, बाकीच्याइचे नुसते दात पायता, आमच्या बैलाचं लिव्हर तपासून आलं हाय."

"अवं, पण त्या कागदावर नाव तर माह्यं हाय!"

"हाय ना," अनुसयाबाई डबा उघडत म्हणाल्या. "सगळ्याइनं वाचलं. कोणालेच काई वावगं वाटलं नाई."