तक्रारवहीतला अभ्यास

दुरुस्ती केंद्रातल्या काउंटरवरच्या कारकुनाला मुख्य कारकून व्हायचं होतं आणि मध्ये फक्त इंग्रजी आडवं आलं होतं. म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी त्याने मेहुणीची शिकवणी लावली. मेहुणी शाळेत शिकवायची, त्यामुळे दयामाया नव्हती.

"भावोजी, आज परफेक्ट कंटिन्युअस. काम कधीचं सुरू झालंय आणि अजून चालूच आहे, तिथे हा वापरायचा. रोज पाच वाक्यं लिहा. खरी लिहा, आणि बोलण्यातले शब्द घाला."

कधीचं सुरू झालेलं आणि अजून न संपलेलं असं केंद्रात जिकडेतिकडे होतं. कोरा कागद तेवढा नव्हता. होती ती तक्रारवही, काउंटरला दोरीने बांधलेली. चार वर्षांत तिच्यात कोणी एक ओळ लिहिली नव्हती. बापड्याने ती उघडली आणि लिहीत सुटला. 'आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग.' 'माय मिक्सर हॅज बीन लाइंग हिअर फॉर थ्री वीक्स.' 'द क्लार्क हॅज बीन चिलिंग ऑल डे.' चिलिंग म्हणजे हुडहुडी भरणं नव्हे, निवांत बसणं, हे मेहुणीने त्याला दोनदा समजावलं होतं.

दहाव्या दिवशी मुख्य कार्यालयातले साहेब अचानक तपासणीला आले आणि नेमकी तीच वही घेऊन बसले.

"पन्नास तक्रारी? कोण आहे हा ग्राहक?"

"रोज येतो, साहेब," कारकून म्हणाला. तसं हे खोटं नव्हतं.

"काय इंग्रजी आहे माणसाचं. मुख्य कारकून असा हवा. शोधा त्याला. आणि ज्या कारकुनाबद्दल लिहिलंय, त्याला उद्यापासून गोदामात पाठवा."

कारकुनाला हसावं की रडावं, ते कळेना. बढती त्याचीच होती आणि गोदामही त्याचंच. शेवटी जीव मुठीत धरून तो म्हणाला, "साहेब, ते दोघंही मीच."

"स्वतःविरुद्ध तक्रार करता?"

"अभ्यास होता, साहेब. वाक्यं खरी हवीत म्हणून मेहुणीने बजावलं होतं."

"म्हणजे मिक्सर खरोखर तीन आठवडे पडलाय?"

"चार झाले. पण लिहिलं तेव्हा तीनच झाले होते."

"कोणाचा आहे?"

"मेहुणीचाच. घरचा म्हणून मागे राहिला."

साहेबांनी वही मिटली. "आज तो दुरुस्त होऊन घरी पोचला, तर उद्यापासून खुर्ची तुमची. नाही तर गोदाम."

कारकून दिवसभर मेकॅनिकच्या मानगुटीवर बसला. संध्याकाळी तो मिक्सर उराशी धरून मेहुणीच्या दारात उभा राहिला आणि धापा टाकत सगळी हकीकत सांगितली. तिने मिक्सर लावून पाहिला. तो घरघरला.

"हाच धडा आधी का घेतला, कळलं ना?" ती म्हणाली. "आता पुढचा घेऊ." आणि तिने कपाटातून बिघडलेली इस्त्री काढून त्याच्यासमोर ठेवली.