हात हलवायचा नाही

"आई, हात हलवायचा नाही. बोल हवं तेवढं, पण हात जागचा हलता कामा नये."

"हात न हलवता बोलतं का कुणी?" आईने विचारलं. आणि विचारताना हात हलवलाच.

पोराने कपाळाला हात लावला. हॉस्पिटलच्या तळघरात दोन वर्षं खपून त्याने हे मशीन उभं केलं होतं. दुधाळ पाण्याची टाकी, टाकीत अँटेनांचं गोल कडं, कड्यात माणसाचा हात. अँटेना मायक्रोवेव्ह लहरी सोडतात, त्या हातातून आरपार जातात, आणि कॉम्प्युटर आतलं चित्र काढतो. हात हलला की चित्राचा चिखल.

आज हॉस्पिटलचे मोठे साहेब बघायला येणार होते. पसंत नाही पडलं तर मशीन भंगारात आणि खोलीत जुनी कपाटं. त्यात टाकीत हात घालायला तयार झालेला माणूस ऐन वेळी पळाला. म्हणे, हात शिजला तर?

"शिजतोय कसला! जन्मभर गॅससमोर उभी आहे मी," असं म्हणत आईच टाकीला भिडली होती.

मशीन सुरू झालं आणि साहेब आले. टाकीत वाकून म्हणाले, "हे काय, कपडे भिजत घातलेत?"

उत्तर द्यायला आईचं कोपर उचलायला लागलं.

"आई!" तो कुजबुजला.

"एक्स-रे आहे, एमआरआय आहे," साहेबांचं चालूच. "या टाकीला काय दिसणार, डोंबल?"

आता आईला राहवेना. उजवा हात तिने दगडासारखा ठेवला. पण डावा मोकळा होता ना!

"डोंबल? माझं पोरगं जेवण विसरून राबतंय, आणि तुम्ही..."

'तुम्ही'ला डावा हात असा उडाला की साहेबांचा चष्मा नाकावरून सुटला आणि थेट कड्यात. डुबुक!

साहेब बाही सरसावून धावले.

"हात घालू नका!" पोरगा ओरडला. साहेबांवर, आयुष्यात पहिल्यांदा. "स्कॅन चालू आहे!"

"अहो, पण माझा चष्मा!"

"बसा गप," आई म्हणाली. "मी बसलेय ना?"

साहेब चाचपडत खुर्ची शोधून बसले.

चित्र आलं. हाताचा गोल, आत दोन हाडं, आणि शेजारी एक भगभगीत ठिपका. धातूतून लहरी आरपार जात नाहीत, आपटून उलट्या फिरतात. चष्म्याची फ्रेम धातूची होती.

"काय आलंय?" साहेबांनी डोळे बारीक केले. "मला तर काहीच दिसत नाही."

"मशीनला दिसतंय," पोरगा म्हणाला. चित्रावर एक नजर टाकून त्याने टाकीत हात घातला. शोधाशोध नाही, काही नाही. चष्मा बाहेर.

साहेबांनी तो पुसून डोळ्यांवर चढवला. चित्र बघितलं, टाकी बघितली, परत चित्र बघितलं.

"योगायोग असेल," ते म्हणाले.

आईने उजवा हात अजून काढलाच नव्हता. तिने डावा साहेबांपुढे पसरला.

"घड्याळ काढा."