आबाजी सशाने स्वस्तात सेल आणले

एका जंगलात आबाजी नावाचा ससा राहत होता. ससा हुशार असतो, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. बाळांनो, शाळेत शिकवतात ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवावं.

तसा आबाजी हुशार होताच. पण त्याची सगळी हुशारी एकाच कामात खर्च होई. कुठली वस्तू कुठे स्वस्त मिळते, हे त्याला तोंडपाठ असे. गाजरं आणायला तो तीन टेकड्या ओलांडून जाई. येताना दमून भूक लागे, म्हणून तीच गाजरं वाटेत खाई. घरी बायको विचारी, "गाजरं कुठायत?" आबाजी म्हणे, "अगं, आधी भाव तर ऐक!"

त्या जंगलात एक वाघ होता. वाघाशिवाय जंगल नसतं, आणि गोष्ट तर नसतेच. हा वाघ चारचौघांसारखाच होता, फक्त त्याला उजेड सोसत नसे. डोळ्यांवर टॉर्च मारली की त्याला शिंक येई. एक आली की मागून रांग लागे. तो शिंकून मोकळा होईपर्यंत समोरचा प्राणी घरी जाऊन कडी लावी.

म्हणून जंगलात घरटी एक टॉर्च होती. दिवेलागणीला पाण्यावर जाताना ती हातात असायलाच हवी. टॉर्च लागली तर ठीक. नाही लागली तर काय, ते तुमच्या आईला विचारा. मी सांगितलं तर तुम्ही जेवणार नाही.

आबाजीची टॉर्च पितळी होती, दोन सेलची. त्याची बायको सुंदराबाई हिच्या माहेरून आलेली. टॉर्चवर कोरून घेतलं होतं, 'चि. आबाजीस लग्नानिमित्त सप्रेम भेट.' टॉर्च दणकट होती. रड होती ती सेलची.

आबाजी सेल कधीच टाकून देत नसे. उतरले की वारुळावर उन्हात वाळत घाली. मग मांडीवर घासी. मग दाताखाली धरून चावे. टॉर्चच्या बुडावर थापट मारी. तरीही उजेड पडला नाही, तर भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून टॉर्चमध्ये घाली आणि टॉर्चमधले घड्याळात. त्या घरात टॉर्च चाले तेव्हा घड्याळ बंद असे आणि घड्याळ चाले तेव्हा टॉर्च.

एके दिवशी सुंदराबाई पाण्याला गेली. वाघ आला. तिने टॉर्च दाबली. पिवळट, आजारी उजेड पडला. वाघाला शिंक आली, पण अर्धवटच. अर्धवट शिंकेत वाघ झेप घेऊ शकतो. सुंदराबाई कशीबशी घरी आली. तिच्या डाव्या कानाचा शेंडा वाघाकडे राहिला होता.

ती घागर आपटून म्हणाली, "आजच्या आज नवे सेल आणा. आणि रोज मरणारे आणू नका, चांगले चार्जिंगचे आणा. मला दिवस गेलेत."

सशांच्या घरात ही काही बातमी नव्हे. पण कान ही बातमी होती.

आबाजी म्हणाला, "शेंडाच गेलाय ना? कान आहे की जागेवर. आणतो, पण नीट बघून आणतो. चार ठिकाणी चौकशी नको?"

जंगलात एक दुकान होतं. ते कासवाचं. कासवाच्या दुकानात धूळ फुकट मिळे, बाकी सगळं विकत. आबाजीने विचारलं, "चार्जिंगचे सेल आहेत का?"

"आहेत."

"कमी-जास्त काही?"

"फिक्स रेट."

"अहो, मी जुनं गिऱ्हाईक."

"म्हणूनच," असं म्हणून कासवाने मान आत घेतली. ती आबाजी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

आबाजी चिडून परत निघाला. वाटेत वडाच्या झाडावर माकडाने नवा फलक लावला होता. 'नागपंचमी महाधमाका! चार्जिंगच्या सेलवर भरघोस सवलत!' खाली मुंगूस निषेध म्हणून उलटं बसलं होतं.

माकड फांदीवरून उतरलं. "या, आबासाहेब! घ्या, हातात घेऊन बघा. कासवाच्या सेलवर आकडा किती आहे?"

"दोन हजार."

"आपल्याकडे नऊ हजार."

"नऊ हजार काय?"

"नऊ हजार!"

"म्हणजे पण काय?"

"म्हणजे दोन हजारांपेक्षा जास्त," माकड म्हणालं. एवढं सरळ उत्तर आबाजीला आजवर कुठल्याच दुकानदाराने दिलं नव्हतं.

त्याने सेल हातात घेऊन पाहिला. "फारच हलका लागतो हो."

"जड सामान कुणाला हवंय हल्ली? आणि तक्रार म्हणाल तर आजपर्यंत एकही नाही. भेकर घेऊन गेलं, चितळाच्या घरचे सगळे घेऊन गेले, रानडुक्कर घेऊन गेलं. एकाने तरी परत येऊन बोट दाखवलं का? विचारा कुणालाही."

विचारायला आसपास कुणी नव्हतं. आबाजीला ते पटलं. तो घेणारच होता, पण त्याच्या मनात आलं, नागपंचमीला एवढी सवलत आहे, तर पोळ्याला किती असेल!

पोळ्याला त्याहून जास्त होती. मग त्याच्या मनात आलं, पितृपंधरवड्यात कुणी नवी वस्तू घेत नाही, तेव्हा भाव आणखी पडणार. तसे ते पडलेही. आबाजी खूश झाला आणि दसऱ्याची वाट बघू लागला.

इकडे घरात पाण्याचा ठणठणाट. सुंदराबाईने पाण्यावर जाणं सोडलं. पहाटे ती पानांवरचं दव चाटायला पिल्लांना बाहेर काढी. पिल्लं अर्धपोटी असली तर रडतात, तहानलेली असली की गप्प बसतात. घर अगदी शांत झालं. आबाजीला वाटलं, पोरांना वळण लागतंय.

सुंदराबाई एकदा म्हणाली, "अहो, त्या भेकरीणबाई दिसत नाहीत हल्ली. चितळांचं दारही लोटलेलंच असतं. माकडाकडून सेल घेतलेलं एक तरी तोंड तुम्हाला दिसलंय का?"

"तेच तर!" आबाजी म्हणाला. "समाधानी गिऱ्हाईक कशाला दुकानाकडे फिरकेल? आणि मागणारे कमी झाले की भाव उतरतो. तुला व्यवहारातलं कळत नाही."

सुंदराबाईने कपाळावर हात मारला. कानावर मारायची सोय राहिली नव्हती.

अखेर दसरा आला. माकडाने जाहीर केलं, 'चार सेल घ्या, चार्जर फुकट! चार्जिंगही फुकट!' आबाजीने हे ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. आयुष्यभर याच दिवसासाठी त्याने गाजरं खाल्ली होती. तरी त्याने आणखी थोडी घासाघीस करून वर एक रबर बँड मिळवला.

सुंदराबाईने चार्जर उलटा-सुलटा करून पाहिला. "आणि हे दोन दात कुठे खुपसायचे?"

हा प्रश्न आबाजीने कुणालाच विचारला नव्हता. जंगलात वीज एकाच ठिकाणी होती, वाघाच्या गुहेत. वाघ वाचवायच्या योजनेत त्याला पंखा मंजूर झाला होता, म्हणून तिथे प्लग होता. ससा वाचवायची योजना अजून विचाराधीन होती.

आबाजीने वेष्टन नीट वाचलं. एका कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'मोफत चार्जिंगची सोय: गुहा.'

"जाऊ नका," सुंदराबाई म्हणाली. "कासवाकडून साधे सेल आणा. जातील तेवढे पैसे जाऊ देत. मी हात जोडते तुमच्यापुढे."

"अगं, फुकट आहे!" आबाजी म्हणाला. "आणि फुकट ते सोडलं तर मग सवलत मिळाली कुठे? आपण चार्जरचे पैसे धरून हिशेब केलाय."

बाळांनो, इथे हुशार ससा परत फिरतो, असं तुम्हाला वाटत असेल. हुशार होता म्हणूनच तो गेला.

भर दुपारी तो गुहेत शिरला. बगलेत पितळी टॉर्च, हातात चार्जर. वाघ पंख्याखाली आडवा झाला होता.

"या, बसा," वाघ म्हणाला. "तिथे बोर्ड आहे, लावा."

बोर्ड चांगला लांबलचक होता. बरेच चार्जर आधीच लावलेले होते आणि सगळ्यांवर हिरवे दिवे होते. खाली टॉर्चींचा ढीग होता. त्यात आबाजीला भेकराची निळी टॉर्च दिसली.

"भेकर आलं होतं वाटतं?"

"आलं होतं. त्याचं झालं."

"टॉर्च विसरून गेलं?"

"जरा घाईत होतं," वाघ म्हणाला.

"विसराळूच आहे ते पहिल्यापासून." आबाजीने ढिगाकडे पुन्हा पाहिलं. "यातली एखादी विकायची असेल तर सांगा. जुनी म्हणून निम्म्यात बसेल ना?"

वाघाने इतकी गिऱ्हाइकं पाहिली होती, पण हे ऐकून तोही उठून बसला.

दोघांनी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. वाघाने सांगितलं, पूर्वी फार धावपळ व्हायची हो, या वयात गुडघे बोलतात. माकडाशी बोलणं झालं तेव्हापासून बरं आहे. आबाजीने मान डोलावली. कुणाचं बरं चाललं असेल तर त्याला आनंदच होई, विशेषतः त्यात आपला खर्च नसेल तर.

दिवा हिरवा झाला. आबाजीने दोन सेल काढून टॉर्चमध्ये घातले. झाकण फिरवलं. वाघाने जांभई दिली, आळस दिला आणि तो गुहेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

तेव्हा आबाजीला कळलं. उशिरा का होईना, कळलं. भेकराची घाई कळली, चितळांचं लोटलेलं दार कळलं, माकडाकडे तक्रार का येत नाही तेही कळलं.

पण घाबरण्याचं कारण नव्हतं. त्याच्या हातात दणकट टॉर्च होती. आत गच्च भरलेले सेल होते. समोर वाघाचे डोळे होते. अंगठा बटणावर होता. नुसता दाबायचा की वाघ शिंकत बसला असता आणि आबाजी घरी.

आबाजीने बटण दाबलं नाही.

त्याचं मन तयारच होईना. आत्ता कुठे सेल भरले होते. भर दिवसा टॉर्च जाळायची? लहानपणी त्याने एकदा दिवसा टॉर्च लावली होती, तेव्हा वडिलांनी पाठीत धपाटा घातला होता. 'उगाच लावू नकोस, सेल उतरतात!' शिवाय वेष्टनावर लिहिलं होतं, हे सेल ठरावीक वेळाच चार्ज होतात. म्हणजे आत्ता जाळले की त्यातली एक वेळ गेली. त्यापेक्षा आधी बोलून बघू. तोंडी मिटत असेल तर खर्च कशाला?

त्याने टॉर्च पाठीमागे धरली आणि नम्रपणे म्हणाला, "वाघोबा, काही कमी-जास्त होईल का?"

"नाही," वाघ म्हणाला. "फिक्स रेट."

दुसऱ्या दिवशी सकाळी माकड टोपली घेऊन आबाजीच्या दारात आलं. टोपलीत टॉर्ची होत्या.

"वहिनी, घ्या. वापरलेला माल, पण नव्यासारखा. ही पितळी तर बघाच. सेल पूर्ण भरलेत. एकदाही लावलेली नाही. मालक फार जपून वापरायचा."

सुंदराबाईने टॉर्च हातात घेतली. कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि ती मटकन खाली बसली. तिथेच, माकडासमोर, ती पोटभर रडली. तिला फार वाईट वाटलं. कसाही असला तरी तिचा ससा होता. आता या घरात भाव सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पिल्लं तिच्या मागे येऊन गप्प उभी राहिली. त्यांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या.

सुंदराबाईने नाक पुसलं. "कितीला?"

"तुमच्यासाठी निम्म्यात."

"टॉर्च माझ्या माहेरची आहे. सेल माझ्या नवऱ्याने घेतलेत. चार्जिंग तुमच्याकडे फुकट असतं. निम्मे पैसे कशाचे?"

"घरपोच आणून दिली त्याचे."

"मी मागवली होती?"

माकडाने डोकं खाजवलं. ते टॉर्च तिथेच ठेवून निघून गेलं. अशा रीतीने त्या जंगलात आजवर कुणालाही मिळाली नव्हती एवढी सवलत आबाजीच्या घराला मिळाली.

दिवेलागणीला सुंदराबाई पिल्लांना घेऊन पाण्यावर गेली. वाघ आला. तिने बटण दाबलं, आणि दुधासारखा पांढरा उजेड थेट त्याच्या डोळ्यांत गेला. वाघ शिंकला. पुन्हा शिंकला. शिंकता शिंकता ओढ्यात बसला. पिल्लं पोट टम्म होईपर्यंत पाणी प्यायली.

परतताना टॉर्च चालूच होती. वाघ मागे राहिला तरी चालू, घर दिसलं तरी चालू.

थोरलं पिल्लू बापावर गेलं होतं. ते म्हणालं, "आई, बंद कर ना. सेल उतरतील."

"उतरू देत," सुंदराबाई म्हणाली.

तात्पर्य: धीर धरून, चार ठिकाणी चौकशी करून, सणावारांची वाट बघून खरेदी केली, तर सर्वांत स्वस्त माल घरी येतोच. आपण येऊ, असं मात्र नाही.