मंगलाष्टकांसाठी लॅपटॉप

"इराच्या लग्नातली मंगलाष्टकं मीच लिहिणार, मीच गाणार आणि संगीतही घरच्या घरी मीच करणार," असं शामसुंदर गायधनींनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. इराच्या हातातली खारी कपात पडली आणि ती काढायचंही तिला सुचलं नाही.

"संगीत? कशावर?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"लॅपटॉपवर. सनई, तबला, चाळीस व्हायोलिनं, सगळं त्यात असतं म्हणे. मी आधी रेकॉर्ड करून ठेवणार, कार्यालयात नुसतं लावायचं. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कालपासून हाच विषय चाललाय."

गायधनींना गाण्याचं अंग होतं, फक्त कान नव्हता. सिन्नरला मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नात त्यांनी एकच मंगलाष्टक म्हटलं होतं. त्यांनी वरचा सूर लावल्याबरोबर वाजंत्रीवाल्यांना वाटलं की लग्न लागलं, म्हणून त्यांनी ताशा सुरू केला. लोकांनी अक्षता उधळल्या, मागच्या रांगा जेवायला धावल्या आणि गुरुजींना उरलेल्या मंडळींत ते लग्न पुन्हा लावावं लागलं. घरात मात्र याबद्दल कुणी बोलत नसे. श्यामलाबाईंनी एकदाच, फार वर्षांपूर्वी, "आज घसा बसलाय का तुमचा?" असं विचारलं होतं आणि त्यानंतर नवरा कितीतरी दिवस त्यांच्याशी खुणेने बोलत होता.

इराची भीती वेगळीच होती. तिच्या होणाऱ्या सासूबाई शास्त्रीय गाणं शिकवायच्या. टीव्हीवरच्या गायकाचा निषाद उतरला की त्या रिमोट उचलायच्या. त्यांच्या सगळ्या शिष्या नऊवारी नेसून लग्नाला येणार होत्या. या कानांवर बाबांचा आवाज पडणार, आणि तोही चाळीस व्हायोलिनांसकट. सासरी आयुष्यभर आपली ओळख 'त्या मंगलाष्टकवाल्यांची मुलगी' अशीच राहणार, हे तिला त्या खारीइतकंच स्पष्ट दिसलं.

पण ती गायधनींचीच मुलगी होती. बाबांना "गाऊ नका" म्हणायची सोय नव्हती. बाबांना काही विकत घेऊ न देणं मात्र जगात सर्वांत सोपं होतं. गायधनी एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले होते आणि खरेदी कशी होऊ द्यायची नाही, यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, समिती आणि शेवटी त्रुटी. त्रुटी निघाली की फाइल परत. घरचा मिक्सरही याच मार्गाने आला. तो मंजूर होईपर्यंत श्यामलाबाई पाट्यावरच वाटत होत्या आणि मंजूर झाला तेव्हा ते मॉडेल बाजारातून उठलं होतं.

"चाळीस व्हायोलिनं साध्या लॅपटॉपवर नाही वाजायची हं, बाबा," इरा म्हणाली. "नीट चौकशी करून घ्या. घाई नको."

"मी आणि घाई?" गायधनी दुखावले.

दुपारपर्यंत खरेदी समिती स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः, तांत्रिक सदस्य होणारे जावई. धवल नोकरी सांभाळून घरी गाणी बनवायचा, तीही दोन बटणं तुटलेल्या जुन्या लॅपटॉपवर. त्याने फोनवर सरळ सांगून टाकलं, "काका, शिकायला कुठलाही बरा लॅपटॉप चालतो. रॅम जरा जास्त बघा, एक चांगला हेडफोन घ्या, झालं."

गायधनी खिन्न झाले. कुठलाही चालतो म्हणजे समितीची गरजच नाही. संध्याकाळी इराने धवलला कॉलेज रोडला बोलावून घेतलं.

"तू त्यांना मदत करतोयस?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

"लग्न करायचंय ना माझ्याशी?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग त्रुटी काढ."

दुसऱ्या दिवशी धवलचा फोन आला. "काका, एक राहिलंच. लॅपटॉपला पंखा असतो. त्याची घरघर तुमच्या आवाजात मिसळणार."

गायधनींचा चेहरा उजळला. लगेच ते एम.जी. रोडच्या एका दुकानात गेले. हर्षल नावाच्या विक्रेत्याने लाल-निळे दिवे लागणारा एक लॅपटॉप पुढे केला. "काका, लय भारी पीस आहे. गेमिंगचा."

"मला मंगलाष्टकं करायची आहेत."

"तेपण पळतील ना, काका."

गायधनींनी लॅपटॉप कानाला लावला. काही ऐकू येईना, कारण दुकानाचा एसी गुरगुरत होता. त्यांनी एसी बंद करायला लावला. मग छताचे पंखे. मग मोबाइलच्या कव्हरसाठी भांडणाऱ्या एका बाईंना गप्प राहण्याची विनंती केली. सगळं दुकान श्रद्धांजलीला उभं राहावं तसं खाली मान घालून उभं राहिलं. बाहेरून आलेल्या एकाने हलक्या आवाजात विचारलंही, "कोण गेलं?"

"घरघर आहे," गायधनींनी निकाल दिला. "पुढचा."

पंधरवड्याने त्यांना बिनपंख्याचा एक लॅपटॉप सापडला आणि इराला वाटलं, आता संपलं. पण धवल आता तयार झाला होता. "काका, छान आहे, पण याची रॅम आतच चिकटवलेली असते. पुढे वाढवता येत नाही."

"म्हणजे नेमणूक झाली त्याच पदावरून निवृत्ती?"

"तसंच समजा."

"मग नको. बिचाऱ्यावर अन्याय आहे."

मग माइक जोडायला जागा कमी निघाल्या. मग पडदा लहान निघाला. मग मोठा निघाला. एकदा तर सगळं जुळलं, गायधनी पिशवी घेऊन पायात चपला सरकवत होते, तेवढ्यात इराने कॅलेंडर पाहून सहज म्हटलं, "बाबा, आज पौर्णिमा ना? उद्यापासून पितृपक्ष." चपला निघाल्या. दसऱ्याला नक्की घ्यायचं ठरलं, तर धवलने कळवलं की दिवाळीनंतर नवीन मॉडेल येतंय. नवीन येणार असताना जुनं घेतलं, असा शेरा गायधनींच्या कारकिर्दीत कधी पडला नव्हता. तो आता घरात पडू देणं शक्यच नव्हतं.

श्यामलाबाईंना हे सगळं कळत होतं. "तू उगाच कष्ट घेतेस," त्या इराला म्हणाल्या. "तू काही केलं नसतंस, तरी त्यांनी घेतला नसता."

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. लॅपटॉप येईपर्यंत गायधनींना भरपूर वेळ होता. सुरुवातीला त्यांच्या मनात चारच मंगलाष्टकं होती. प्रत्येक त्रुटीबरोबर खरेदी लांबायची आणि तेवढ्यात आणखी एखादं होऊन जायचं. पितृपक्षात तर त्यांचा हात फार चालला. तुळशीचं लग्न झालं, नवीन मॉडेल आलं, त्याचीही दरपत्रकं मागवली गेली आणि मार्गशीर्षात इराचं लग्न येऊन ठेपलं. घरात लॅपटॉप नव्हता. इराने आदल्या दिवशी मेंदीच्या हातांनी धवलला एकच शब्द पाठवला, "जिंकलो."

गंगापूर रोडच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला. अलीकडे इरा, पलीकडे धवल, पहिल्या रांगेत सासूबाई आणि मागे त्यांच्या शिष्या. गुरुजींनी सुरुवातीची दोन मंगलाष्टकं म्हटली आणि शालू सावरत इरा निर्धास्त उभी राहिली. तेवढ्यात फेटा बांधलेल्या गायधनींनी गुरुजींच्या हातातून माइक घेतला.

"मंडळी, यंत्र वेळेवर मिळालं नाही," ते म्हणाले. "पण गळा आपल्याच मालकीचा आहे. त्याला दरपत्रक लागत नाही."

आणि त्यांनी सूर लावला.

"आली वेळ अशी, इरा न रडता जाईल सासूघरी,
ठेवा लक्ष जरा, हिला न जमते पोळी अजूनी खरी..."

शिष्यांनी पदर तोंडाला लावले. सासूबाई मांडीवर ताल धरायला गेल्या, त्यांना तो सापडेना, म्हणून त्यांनी हात मांडीखाली घालून ठेवला. दुसरं झालं, तिसरं झालं. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झाल्या. गुरुजी घड्याळाकडे, मग गायधनींकडे, मग छताकडे पाहू लागले. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात बदलले.

कापडापलीकडून धवल पुटपुटला, "घेऊ द्यायला हवा होता गं लॅपटॉप. ऐन वेळी बंद तरी पाडला असता."

"माहितीये," इरा दात आवळून म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते. आपण इतके महिने खपून बाबांना चाराची कितीतरी करायला वेळ काढून दिला, हे तिला आत्ता उमगत होतं.

गायधनींनी घसा खाकरला. पुढचं कडवं त्यांनी कागदाकडे न बघता म्हटलं आणि नेहमीपेक्षा खालच्या सुरात म्हटलं. वरचा सूर त्यांना लागेनाच.

"खोली राहिल ती तशीच उघडी, येशील केव्हा घरी..."

तिथे ते थांबले. 'कुर्यात् सदा मंगलम्' त्यांना म्हणताच येईना. ते गुरुजींनी पूर्ण केलं. मागच्या शिष्यांचे पदर तोंडावरून डोळ्यांकडे गेले. इराला रडू फुटलं. काजळ, मुंडावळ्या, सासूबाई, कशाचंच तिला भान राहिलं नाही. या बेसूर माणसाला सोडून आपण आज खरंच जाणार आहोत, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं आणि ते मुळीच सहन होईना.

गायधनींनी उपरण्याने डोळे टिपले, पान उलटलं आणि माइक पुन्हा तोंडाजवळ नेला. धवल अंतरपाटाकडे झुकला.

"इरा, साउंडवाला माझ्या ओळखीचा आहे. खूण करू का? एका मिनिटात माइक बंद पाडेल."

"त्या माइकला हात लावायला सांगितलास ना," अंतरपाटाअलीकडून हुंदक्यातून आवाज आला, "तर आत्ता हार टाकून घरी जाईन."

बाबांची अजून पाच बाकी होती.